उजव्या पायाची मोहरी

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. सोमवार, सकाळचे पावणेआठ. फ्रिस्कोतल्या एका सहापदरी रस्त्याच्या सिग्नलपाशी मी सायकलवर एक पाय टेकून उभा होतो. दिवा हिरवा झाला, मी पायडलवर जोर दिला, एक फेरा पुरा झाला आणि उजवा पाय वर येता येता मध्येच अडकला. पँटची मोहरी चेनमध्ये गेली होती. जो पाय मोकळा नाही त्याच बाजूला माणूस पडतो. मीही उजवीकडे, फुटपाथच्या कडेवर, सायकलसकट आडवा झालो.

मागच्या पिकअप ट्रकमधून एक गृहस्थ उतरून धावत आले. "आर यू ओके, सर?" त्यांनी माझा पाय धरून ओढायला सुरुवात केली, आणि माझ्या तोंडून चक्क मराठीत निघाले, "ओढू नका, ओढू नका, उलटं पायडल मारा!" त्या भल्या माणसाला काय कळणार? मी हात लांब करून पायडल मागे फिरवले, मोहरी चेनमधून अलगद बाहेर आली. गुडघा खरचटला होता. पँटला चेनच्या दात्यांची एक काळी रांग उमटली होती, जणू कुणी शिक्का मारला.

मंडळी, यात लिहिण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले असते. पण "उलटं पायडल मारा" हे वाक्य माझे नव्हते. ते मी एकोणचाळीस वर्षांपूर्वी पुण्यात टिळक रस्त्यावर ऐकले होते, आणि त्या दिवशी जे झाले त्यात माझा हात होता. तिथवर येईनच. आधी थोडा इतिहास.

माझी ओळख एवढीच, की डॉक्टरेट यंत्र अभियांत्रिकीत केली आणि पोट सॉफ्टवेअरवर भरतो. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला. आपल्या मंडळींत हा आकडा आता कुणाला नवा नाही. ऑफिस घरापासून साडेतीन मैल. म्हटले, सायकलने जाऊ. तेव्हा सहकाऱ्यांनी दबक्या आवाजात विचारले, "लायसन्स गेलं का?" इथे धडधाकट माणूस सायकलवर कामाला निघाला तर दारू पिऊन गाडी चालवताना सापडला असणार, असाच पहिला समज होतो.

दुकानात चांगली एकवीस गिअरची सायकल घेतली. बाबांनी पुण्यात घेतलेल्या सायकलीपेक्षा कितीतरी महाग. पण बाबांच्या सायकलीला जो एक पत्र्याचा तुकडा होता, तो हिला नव्हता. मी दुकानातल्या मुलाला विचारले, "चेनवर कव्हर मिळेल का?" त्याने मला सायकलस्वारांची घट्ट चड्डी दाखवली. "ऑफिसात जाऊन बदला," म्हणाला.

तो पत्रा कुठे गेला, याचा मी गेले काही महिने शोध घेतो आहे. हाती आले ते असे.

चेन आली तेव्हा

सायकलीला जन्मतः चेन नव्हती. 1817 मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइसने जी दोनचाकी केली, तिच्यावर बसून पायांनी जमीन मागे ढकलायची. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल बसवले गेले. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, हा त्यातला अडसर. वेग हवा तर चाक मोठे करा. म्हणून पुढे ती माणसाच्या छातीएवढ्या चाकाची उंच सायकल आली. तिच्यावरून पडले तर थेट डोक्यावर, पण कपडे मात्र स्वच्छ, कारण वंगण लागलेली चेनच नव्हती.

1880 मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने आजची रोलर चेन बनवली, आणि 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, पायडल मधोमध, आणि तिथून मागच्या चाकाला चेन. आपल्या जुन्या देशी सायकलीचे गणित घ्या: पुढे 48 दाते, मागे 18. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे पावणेतीनच्या आसपास फेरे होतात. उंच चाकाची गरज संपली. आपण आज जिला सायकल म्हणतो ती हीच.

पण या सोयीची किंमत घोट्याला मोजावी लागली. चेनची वरची बाजू मागून पुढे येते आणि पुढच्या दातेरी चाकाच्या माथ्यावर दात्यांत शिरते. उजवा पाय मागून वर येतो तेव्हा पँटची मोहरी नेमकी त्या जागेवरून जाते. कापड चेन आणि दाता यांच्या फटीत शिरले की पायाचा जोर त्याला आणखी आत ओढतो. म्हणूनच जोर लावून ओढणे हा सगळ्यांत वाईट उपाय. पायडल उलटे फिरवले की कापड आले त्या वाटेने परत जाते. फ्रीव्हीलची ही कृपा.

मग चेन उजवीकडेच का? मागचे फ्रीव्हील साध्या आट्यांवर बसवले, तर चेन उजवीकडे असताना पायडलच्या जोराने ते आवळत जाते. डावीकडे असती तर उलटे आटे पाडावे लागले असते. शिवाय सायकल हातात धरून चालणारा माणूस डावीकडे असतो. त्याचे कपडे वंगणापासून लांब राहतात. सगळे खरे. पण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात याचा एक परिणाम होतो. पाय अडकला तर माणूस उजवीकडे पडतो, आणि उजवीकडे रहदारी असते. फ्रिस्कोत मी फुटपाथवर पडलो. पुण्यात रस्त्याच्या मधे पडलो असतो.

यावर उपाय तीनच. माणसाने कपडे बदलायचे, कपडे आवळून बांधायचे, किंवा चेन झाकायची. गेल्या एकशेचाळीस वर्षांत या तिघांची आलटून पालटून सद्दी होती, आणि कुठे कोणता उपाय चालला यावरून सायकल कुणासाठी होती ते कळते.

चेन झाकण्यात इंग्लंडात सर्वांत नाव काढले ते वुल्व्हरहॅम्टनच्या जॉन मार्स्टनने. हा मूळचा रोगण चढवलेल्या पत्र्याच्या वस्तू करणारा. 1887 च्या सुमारास त्याने सायकली सुरू केल्या आणि आपले पत्र्याचे कसब चेनवर वापरले. त्याच्या 'सनबीम' सायकलीची चेन बंद डब्यात, तेलात फिरे. धूळ नाही, चिखल नाही, चेन वर्षानुवर्षे टिके, आणि स्वार सुटाबुटात उतरून थेट कचेरीत जाई. चेनवरचे ते काळे वंगण म्हणजे नुसते तेल नसते. त्यात रस्त्याची धूळ आणि चेनच्याच झिजेचे लोखंड असते. म्हणून तो डाग इतका हट्टी.

बेळगाव, मग पुणे

रोव्हर निघाल्यावर तीनच वर्षांनी, 1888 मध्ये, बेळगावात एक सायकलचे दुकान उघडले. ते लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटशी, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयशी, संबंधित होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामुअण्णा बेळगावात दुकान पाहत. त्याच 1888 साली डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेचा टायर काढला. म्हणजे जगात सायकल नीट उभी राहते आहे तोच ती मराठी मुलखात पोहोचली होती. पुढे किर्लोस्करांचा हात सायकलीवरून कडबा कापायच्या यंत्राकडे, लोखंडी नांगराकडे वळला, आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्रातल्या एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात सायकलने झाली, हे आपण विसरतो.

सुरुवातीच्या त्या सायकली परवडत त्या वकील, डॉक्टर, अंमलदारांना. पुण्यात ती घराघरांत गेली ती नंतर, आणि अशी गेली की सायकलींचे शहर अशी गावाची ओळखच झाली. सपाट पेठा, जवळजवळची अंतरे, शाळा-कॉलेजे, खडकीचे नि देहूरोडचे लष्करी कारखाने. सकाळच्या पाळीला खडकीकडे निघालेल्या सायकलींची रांग ज्यांनी पाहिली आहे ते ती विसरणार नाहीत. दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन, प्राध्यापक, पूजेला निघालेले भटजी, सगळे सायकलवर. नगरपालिकेचा बिल्ला लावायचा, रात्री दिवा हवा, डबलसीट दिसले की पोलिसाची शिट्टी.

आणि या सगळ्यांनी आपापलेच कपडे घातलेले. पुणेकराने सायकलसाठी वेगळा पोशाख कधी शिवला नाही. धोतर नेसणारा सोगा उचलून कमरेला खोची. पायजमेवाला मोहरी दुमडून वर घेई. पँटवाला क्लिपा लावी. चेनच्या बाबतीत दोन जाती होत्या. साध्या सायकलीला वरून अर्धे कव्हर असे, ते पुढच्या चाकाचा माथा आणि वरची चेन झाकी. त्याहून चांगल्या सायकलीला पूर्ण कव्हर, म्हणजे चेनभोवती बंद पेटीच. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो असे कारखाने निघाले. मुंबईत वरळीला हिंद सायकल होतीच. या सगळ्यांनी ब्रिटिश धाटणीची तीच काळी, भक्कम, कव्हरवाली सायकल चालू ठेवली. इंग्लंडातून ती हळूहळू गेली, आपल्याकडे राहिली. कारण आपल्याकडे ती रविवारच्या हौसेची वस्तू नव्हती. सोमवारी कामावर नेणारे ते वाहन होते.

पूर्ण कव्हरला दोन शत्रू. एक, ते ढिले झाले की खडखडे, इतके की कोण घरी आले ते आवाजावरून कळे. दुसरा, पंक्चर. मागचे चाक काढायचे तर आधी कव्हर उघडा. त्यामुळे सायकलवाला तोंड वाकडे करी आणि एकदा काढलेले कव्हर पुन्हा बसवण्याचा कंटाळा करी. अनेक कव्हरे अशी दुकानाच्या कोपऱ्यात कायमची राहिली. आमच्या बाबांचेही तसेच गेले होते.

बाबांच्या क्लिपा

बाबा लष्करात, म्हणजे कॅम्पात, एका कचेरीत कारकून. आम्ही सदाशिव पेठेत. जाणे-येणे तीस वर्षे सायकलवर. त्यांच्या क्लिपा म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची दोन अर्धी कडी, वर काळा रंग, टोके जराशी वळवलेली. मोहरी घोट्याशी घट्ट ओढून तिची घडी बाहेरच्या अंगाला घालायची आणि वरून क्लिप अडकवायची. घडी आतल्या अंगाला घातली तर ती चेनकडेच जाते, ही बारीक गोष्ट त्यांनी मला शिकवली होती.

चेन एकाच बाजूला, मग क्लिपा दोन का, असे मी एकदा विचारले. बाबा म्हणाले, "एकाच पायाला लावली तर माणूस वेडा दिसतो."

आता कुणाला वाटेल, एका पँटची ती काय कथा! पण बाबांच्या ऑफिसच्या पँटी दोन होत्या. एक अंगावर, एक वाळत. दिवाळीला नवी शिवली की जुनी घरात वापरायला. सत्तरीच्या दशकात बेलबॉटमची लाट आली तेव्हा शिंप्याने हौसेने मोहरी रुंद ठेवली होती आणि बाबांनी ती उसवून परत अरुंद करून घेतली, असे आई सांगे. डाग पडलाच तर आई आधी रॉकेलचा बोळा फिरवी, मग साबणाची वडी आणि ब्रश. डाग फिका होई, जात नसे. कचेरीत जाणाऱ्याच्या उजव्या पायावरचा तो करडा पट्टा कुणाच्याही नजरेत येई. ज्याला स्कूटर घेणे जमले नव्हते त्याची ती खूण होती. म्हणून क्लिपांना मान होता. दाराशेजारच्या खिळ्याला त्या अडकवलेल्या असत, आणि त्यांना हात लावायची आम्हाला बंदी होती.

मी लावला. 1986 चा जून, शाळा नुकतीच सुरू झाली होती, मी आठ वर्षांचा. त्या क्लिपा मनगटात घातल्या की योद्ध्याच्या कड्यांसारख्या दिसत. आदल्या संध्याकाळी घेतल्या आणि दप्तरात राहिल्या. सकाळी बाबांनी खिळा पाहिला, इकडेतिकडे पाहिले, मला उशीर होत होता, म्हणून मोहरी नुसतीच मोज्यात खोचून निघाले. मी मागे कॅरिअरवर. बोललो काहीच नाही.

टिळक रस्त्यावर मोहरी मोज्यातून सुटली. सायकल उजवीकडे कलली, आम्ही दोघे रस्त्याच्या मधे. मागून बस येत होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पुढचे चाक बाबांच्या डोक्यापासून दोनेक हातांवर थांबले, ते चित्र मला आजही स्वच्छ दिसते. लोक धावले, बाबांचा पाय ओढू लागले. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "ओढू नका. उलटं पायडल मारा." कुणीतरी मारले. पाय सुटला. त्यांचे उजवे मनगट मोडले होते, हे दुपारी कळले.

प्लास्टर निघाल्यावरच्या पहिल्या रविवारी बाबा मला घेऊन जुन्या बाजारात गेले. मंगळवार पेठेतला हा बाजार रविवार-बुधवारचा. तिथे एका ढिगातून त्यांनी पूर्ण चेनकव्हर शोधून काढले, दुसऱ्याच कुठल्या सायकलीचे. पत्रा ठोकून, एक भोक नवे पाडून ते बसवले. त्या दिवसापासून सायकल खडखडू लागली. क्लिपा मी मधल्या काळात गुपचूप खिळ्याला परत लावल्या होत्या. त्याबद्दल घरात कधी शब्द निघाला नाही.

साडी, निऱ्या आणि ओढणी

चेन झाकण्याची गरज पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होती, आणि इथे कपडे बदलण्याचा उपाय फार महागात पडला. इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांचे घोळदार झगे चेनमध्ये आणि चाकात अडकत. दोन पायांचा सुटसुटीत पोशाख घालावा म्हणून लंडनमध्ये 1881 मध्ये एक संस्थाच निघाली होती. तिच्या अध्वर्यू लेडी हार्बर्टन 1898 मध्ये सायकलवरून सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या. अंगावर सायकलची गुडघ्यापर्यंतची विजार होती, म्हणून त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिले नाही. प्रकरण पुढच्या वर्षी कोर्टात गेले आणि निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. एका विजारीपायी!

हे वाचताना मला आजीचे नऊवारी आठवले. काष्टा घातलेले लुगडे म्हणजे दोन पायांचा पोशाखच. इंग्रज बायका ज्यासाठी कोर्टात भांडत होत्या ते आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले होते. गंमत अशी, की शहरातल्या शिकलेल्या बायकांनी नऊवारी सोडून गोल पाचवारी साडी घेतली ती साधारण सायकल घरोघरी पोहोचत होती त्याच काळात. म्हणजे सायकल आली आणि काष्टा गेला. मग यंत्रानेच जुळवून घेतले. लेडीज सायकलीची दांडी खाली आली, चेन पूर्ण झाकली गेली, मागच्या चाकावर जाळी आली. निऱ्यांना पिन लावून, पदर खोचून शिक्षिका, नर्सबाई, कॉलेजच्या मुली पुण्यात सायकली हाकीत. पुढे सलवार-कमीज आले आणि ओढणीची नवी भीती आली. मागे गाठ मारल्याशिवाय आई बहिणीला उंबरठा ओलांडू देत नसे.

ही समजूत पुढे कायद्यातही उतरली. भारताच्या 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारसायकलीच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून, असे स्पष्ट लिहिले आहे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. साडी नेसलेली बाई एका बाजूला पाय सोडून मागे बसणार, हे गृहीत धरून केलेला नियम. बाईने वेगळे कपडे घालून यावे, असे तो म्हणत नाही.

क्लिप पुण्यातून कशी गेली

पुण्यातून क्लिप गेली त्याचेही कारण कपडेच. इटलीत 1946 मध्ये व्हेस्पा स्कूटर निघाली. ती आखणारा कोरादिनो दास्कानिओ हा विमानांचा अभियंता, आणि त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे, कारण ती घाण. त्याने इंजिन मागच्या चाकालाच जोडून चेन काढूनच टाकली, पुढे पत्र्याची ढाल दिली, पाय ठेवायला सपाट फळी दिली. सुटातला माणूस चढावा आणि तसाच उतरावा.

1960 च्या सुमारास बजाजने परवान्यावर तीच स्कूटर आपल्याकडे बनवायला घेतली, आणि पुढे आकुर्डीचा कारखाना म्हणजे पुण्याची ओळख झाली. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायची ती स्कूटर. 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. ती परवडणारी होती, आणि तिला पायडलही होते. ज्या गावाने सायकल सर्वांत जास्त चालवली, त्याच गावाच्या कारखान्यांनी तिला निरोप दिला. बाबांनी 1994 मध्ये सेकंडहँड स्कूटर घेतली. क्लिपा खिळ्यालाच राहिल्या.

नव्वदीत मला कॉलेजला जायला सायकल मिळाली ती सरळ हँडलची, जाड टायरची, चेन जवळपास उघडी. आम्हाला ती फार ऐटबाज वाटे. तेव्हा जीन्स घालत होतो, डागाचे काही वाटत नसे. आता मागे वळून पाहताना कळते, की सायकल तेव्हाच पोरांची वस्तू झाली होती. मोठ्या माणसाने ती चालवायची तर व्यायाम म्हणून.

अमेरिकेत कव्हर का नाही

अमेरिकेत हे कितीतरी आधी झाले. 1890 च्या दशकात इथेही सायकलीचे वेड होते. हार्टफर्डच्या पोप कंपनीने तर त्या दशकाच्या अखेरीस चेनऐवजी दांडा आणि गिअर असलेली 'चेनलेस' सायकल विकायला काढली होती, आणि कपडे मळत नाहीत हा त्यातला एक मोठा फायदा. डेटनला राहणाऱ्या मंडळींनी राईट बंधूंचे सायकलचे दुकान दाखवायला पाहुण्यांना नेले असेलच. 1903 च्या त्यांच्या विमानाचे पंखेही चेननेच फिरत, आणि त्या चेना त्यांनी धातूच्या नळ्यांतून नेल्या होत्या. सायकलवाल्याचे डोके!

मग मोटार आली आणि सायकल पोरांकडे गेली. 1970 च्या दशकात ग्राहक सुरक्षा आयोगाने सायकलींचे नियम केले. एक दाती चाक पुढे आणि एक मागे असलेल्या सायकलीला चेनगार्ड सक्तीचा आहे. त्याची चाचणी अशी, की सुमारे तीन अष्टमांश इंच जाडीची छोटी सळई चेन आणि पुढच्या चाकाच्या वरच्या सांध्यात अडकता कामा नये. वाचून मी थक्क झालो. नेमकी तीच जागा, जिथे बाबांची मोहरी गेली आणि माझी गेली. पण ज्या सायकलीत चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकते, म्हणजे बहुतेक गिअरवाल्या, त्या या नियमातून सुटतात. चेन आडवी सरकत असेल तर तिला बंद पेटीत घालणे अवघड, हे खरे. म्हणून पोराच्या सायकलीला कव्हर आहे आणि त्याच्या बापाच्या सायकलीला नाही. बापाने सायकलचे कपडे घालावेत, अशी अपेक्षा आहे.

फ्रिस्कोही याच गृहीतावर उभे आहे. या गावाला 1904 मध्ये नाव मिळाले ते सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेवरून, आणि आज इथे एकही प्रवासी गाडी थांबत नाही. 1990 मध्ये सहा हजारांच्या आसपास वस्ती, 2020 च्या जनगणनेत दोन लाख. सगळे गाव मोटारीच्या काळात वाढले. आडव्यातिडव्या पायवाटा आणि सायकलवाटा आहेत, सुंदर आहेत, पण बहुतेक तळ्याभोवती फिरून घरी परत येतात. ऑफिसकडे जाणाऱ्या थोड्याच.

नेदरलँड्समध्ये मात्र कव्हर गेलेच नाही. तिथे मंत्र्यापासून आजीबाईपर्यंत सगळे सायकलवर, आपल्याच कपड्यांत. गिअर हवे तर ते मागच्या चाकाच्या तुंब्यात दडवतात, चेन एका रेषेत राहते आणि पेटी बंद. ही युक्तीही जुनीच, नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलेली. अडचण यंत्राची नव्हतीच, हे मला तिथे पटले.

परत खिळ्यापाशी

पडलो त्या रात्री बाबांना फोन केला. ते आता ब्याऐंशीचे. सगळी हकीकत ऐकून त्यांचा पहिला प्रश्न, "कव्हर नाही तिला?" मी म्हटले, "नाही." "एवढे पैसे घेऊन?" मग थोडा वेळ दोघेही गप्प. आणि मी जे एकोणचाळीस वर्षे सांगितले नव्हते ते सांगून टाकले. "बाबा, त्या दिवशी टिळक रस्त्यावर... क्लिपा माझ्या दप्तरात होत्या."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मागं वाजत होत्या. मला वाटलं कंपासपेटी आहे. पडल्यावर दप्तर उघडलं तेव्हा दिसल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतका घाबरला होतास, की आणखी काय बोलायचं? कव्हर बसवलं ना मग."

डिसेंबरात मावसभाऊ आला, त्याच्याबरोबर बाबांनी चकलीच्या डब्यात कागदात गुंडाळून क्लिपा पाठवल्या. रंग उडाला आहे, स्प्रिंग शाबूत आहे. मी ती एकवीस गिअरची सायकल विकली आणि तुंब्यात गिअर असलेली, पूर्ण कव्हरची, जड अशी सायकल मागवली. कव्हर असताना क्लिप लागत नाही. तरी मी लावतो, दोन्ही पायांना.

परवा काढायच्या विसरलो आणि तसाच मीटिंगला जाऊन बसलो. समोरच्या चिनी सहकाऱ्याने टेबलाखाली पाहिले आणि हसला. तो तिआनजिनचा. त्यांच्या गावात 1950 पासून 'फ्लाइंग पिजन' सायकली बनत. "माझ्या वडिलांकडे अशाच होत्या," म्हणाला. लायसन्सबद्दल त्याने विचारले नाही.

बारा वर्षांच्या कन्येला आता एक मैलावरच्या नाचाच्या क्लासला सायकलने एकटीने जायचे आहे, सलवार-कमीज घालून. तिची आई अजून हो म्हणालेली नाही, आणि ते सहापदरी रस्ते पाहिले की तिचे चुकते असे मला म्हणवत नाही. तोवर आम्ही दोघे रविवारी सकाळी रहदारी नसताना त्या रस्त्याची तालीम करतो आहोत. ओढणी मागे बांधायची, मोहरीची घडी बाहेरच्या अंगाला घालायची, आणि अडकलंच तर ओढायचं नाही.